कोरियाच्या सरकारचं भिजत घोंगडं : १९४५ ते १९४८ मध्ये घोडं नेमकं कुठं अडलं?

प्रश्न असा आहे : डिसेंबर १९४५ मध्ये मॉस्कोत अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी कोरियाला हंगामी सरकार द्यायचं ठरवलं. त्यासाठी अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांचा संयुक्त आयोग नेमला. तो सोलमध्ये १९४६ ला आणि पुन्हा १९४७ ला बसला. तरीही सरकार का उभं राहिलं नाही? 'शीतयुद्ध सुरू झालं' एवढं उत्तर पुरेसं आहे का?

पुरेसं नाही. शीतयुद्धामुळे तडजोडीची इच्छा आटली हे खरं, पण वाटाघाटी कोणत्या ओळीवर अडकल्या हे त्यातून कळत नाही. त्या अडकल्या एका साध्या दिसणाऱ्या कामावर : सल्लामसलतीला कुणाला बोलवायचं? मॉस्को करारात पायऱ्यांचा क्रम असा लावला होता की निमंत्रितांची यादी सगळ्यात आधी ठरवावी लागे, आणि ती यादी म्हणजेच उद्याचं मंत्रिमंडळ होतं. दोन्ही बाजूंना हे पहिल्या दिवसापासून कळत होतं. म्हणून दोन वर्षं भांडण यादीवरच झालं. मंत्रिमंडळाचा विषय निघेपर्यंत गाडी कधी पोचलीच नाही.

आधी दोन गैरसमज बाजूला करू. कोरियाची फाळणी याल्टा परिषदेत ठरली, असं सर्रास लिहिलं जातं. ते चूक आहे. फेब्रुवारी १९४५ ला याल्टात रूझवेल्ट आणि स्टालिन यांच्यात कोरियाच्या विश्वस्त कारभाराबद्दल, म्हणजे स्वातंत्र्याआधी काही वर्षं बाहेरच्या सत्तांनी देशाचा कारभार पाहण्याबद्दल, तोंडी बोलणं झालं. रूझवेल्ट यांनी फिलिपिन्सचा दाखला देत वीस-तीस वर्षांची भाषा केली, स्टालिन म्हणाले मुदत जितकी कमी तितकी बरी. लेखी काही झालं नाही. त्याआधीच्या कैरो घोषणेतही (१ डिसेंबर १९४३) कोरिया 'यथावकाश' स्वतंत्र होईल एवढंच होतं. यथावकाश म्हणजे कधी, हे कुणी लिहिलं नाही. पुढचा सगळा घोळ या शब्दाच्या पोटातून निघाला.

दुसरा गैरसमज ३८ अक्षांशाचा, म्हणजे कोरियाचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग करणाऱ्या रेषेचा. ही रेषा कुठल्या परिषदेत ठरली नाही. ऑगस्ट १९४५ मध्ये १० तारखेच्या रात्री वॉशिंग्टनमध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन लष्करी अधिकाऱ्यांना अर्ध्या तासात रेघ सुचवायला सांगितलं गेलं. त्यांच्यापुढे नॅशनल जिऑग्राफिकचा नकाशा होता. जपानी फौजांची शरणागती कुणी कुठे घ्यायची, एवढाच रेषेचा उपयोग अपेक्षित होता, आणि सोल अमेरिकेच्या बाजूला राहावं हा हिशेब. सोव्हिएत सैन्य कोरियात शिरलेलं होतं, जवळची अमेरिकन फौज ओकिनावात होती. तरी मॉस्कोनं रेषा निमूटपणे मान्य केली. लेफ्टनंट जनरल जॉन हॉज यांची चोविसावी कोअर (अमेरिकन सैन्याची मोठी तुकडी) इंचनला उतरली ती ८ सप्टेंबरला, म्हणजे जपाननं हार मानल्यावर तीन आठवड्यांहून जास्त काळानं.

या तीन आठवड्यांत आणि लगेच नंतर दोन्हीकडे जे घडलं ते महत्त्वाचं आहे. कोरियन लोकांनी गावोगावी जनसमित्या उभ्या केल्या होत्या, आणि ६ सप्टेंबरला सोलमध्ये डाव्या कलाचे नेते यो उन-ह्योंग यांच्या पुढाकारानं 'कोरियन जन-प्रजासत्ताक' जाहीरही झालं होतं. उत्तरेत सोव्हिएत फौजेनं या समित्या हाताशी धरल्या, त्यांतली नको ती माणसं गाळली आणि त्यांच्यामार्फत कारभार चालवला. दक्षिणेत हॉज यांनी प्रजासत्ताकाला मान्यता नाकारून थेट लष्करी सरकार बसवलं, आणि पोलीस खातं बरंचसं जपानी काळातल्याच माणसांवर चालू ठेवलं. त्यामुळे आयोग बसला तेव्हा त्याच्यापुढे कोरी पाटी नव्हती. दोन बाजूंना दोन राज्ययंत्रणा आधीच रुळायला लागल्या होत्या.

आता मॉस्कोचा मजकूर. परिषद १६ ते २६ डिसेंबर १९४५ चालली. कोरियाबद्दलचा भाग जेमतेम चार परिच्छेदांचा आहे, पण पुढचं सगळं त्यात आहे, म्हणून तो सावकाश वाचायला हवा. पहिल्या परिच्छेदात उद्दिष्ट : कोरियाला स्वतंत्र राज्य म्हणून पुन्हा उभं करण्यासाठी हंगामी लोकशाही सरकार स्थापायचं. दुसऱ्यात साधन : दक्षिणेतली अमेरिकन आणि उत्तरेतली सोव्हिएत लष्करी कमान यांच्या प्रतिनिधींचा संयुक्त आयोग. आयोगानं प्रस्ताव तयार करताना कोरियातल्या 'लोकशाहीवादी पक्ष आणि सामाजिक संघटनां'शी सल्लामसलत करायची. शिफारशी चार सरकारांपुढे, म्हणजे या तिघांबरोबर चीनपुढेही, विचारार्थ जातील, पण अंतिम निर्णय दोघांचाच. तिसऱ्यात विश्वस्त कारभार : हंगामी सरकार बनल्यावर, त्याच्याशी बोलून, चार सत्तांच्या जास्तीत जास्त पाच वर्षांच्या विश्वस्त कारभाराचा करार तयार करायचा. चौथ्यात तातडीचं काम : दोन आठवड्यांत दोन्ही लष्करी कमानींची बैठक घेऊन उत्तर-दक्षिण कारभाराच्या आणि अर्थव्यवहाराच्या अडचणी सोडवायच्या.

यात काय नाही ते बघा. 'लोकशाहीवादी' म्हणजे कोण, याची व्याख्या नाही. दोन्ही बाजूंचं जमलं नाही तर पंच कोण, हे नाही. आयोगाला मुदत नाही. पाच वर्षांची मर्यादा आहे ती विश्वस्त कारभाराला, आयोगाच्या कामाला नव्हे. म्हणजे कुठलीही एक बाजू नुसती 'नाही' म्हणत बसली तरी कराराचा भंग होत नव्हता आणि काम मात्र जागच्या जागी थांबत होतं. बहुपक्षीय कागद तयार करणाऱ्या कुणालाही हा मसुदा दाखवा. पंच नाही, व्याख्या नाही, मुदत नाही, या तीन उणिवांवर तो पहिल्यांदा बोट ठेवील.

मसुदा कुणाचा होता, हेही पाहण्यासारखं आहे. अमेरिकेनं मॉस्कोत मांडलेल्या प्रस्तावात आधी चार सत्तांचा विश्वस्त कारभार होता, पाच वर्षांचा आणि गरज पडली तर आणखी पाच वाढवता येईल असा. कोरियन सरकार नंतर. सोव्हिएत बाजूनं क्रम उलटा केला : आधी हंगामी सरकार, मग विश्वस्त कारभार, आणि सगळी तयारी दोघांच्या आयोगाकडे. थोड्या दुरुस्त्यांसह हाच मसुदा मंजूर झाला. वरवर पाहता तो कोरियन लोकांच्या जास्त बाजूचा होता. पण त्यात एक साधं गणितही होतं. चार जणांच्या मंडळात सोव्हिएत संघ एकाला तीन असा पडला असता. दोघांच्या आयोगात तो एकास एक होता.

मग वर्तमानपत्राचा घोळ झाला, आणि तो किरकोळ नव्हता. २७ डिसेंबरला सोलच्या 'डोंगा इल्बो' दैनिकानं पहिल्या पानावर बातमी दिली की सोव्हिएत संघ विश्वस्त कारभार मागतोय आणि अमेरिका तत्काळ स्वातंत्र्य मागतेय. वस्तुस्थिती जवळपास उलटी होती. मूळ निवेदन सोलच्या वाचकांपर्यंत पोचलंही नव्हतं. बातमीमुळे सगळ्यांचं लक्ष तिसऱ्या परिच्छेदावर खिळलं. पहिला परिच्छेद, म्हणजे सरकार स्थापायचं वचन, कुणी वाचलाच नाही.

लोक एवढे का भडकले, याचं उत्तर शब्दात आहे. इंग्रजी मजकुरात विश्वस्त कारभार या अर्थाचा शब्द होता. रशियन मजकुरात 'ओपेका' होता. त्याचा अर्थ पालकत्व : आपल्याकडे सातबाऱ्यावर अज्ञान वारसाच्या नावापुढे 'अ. पा. क.' लावून पालनकर्त्याचं नाव घालतात, त्या जातीचा. कोरियन भाषेत दोन शब्द फिरू लागले. विरोधक 'सिनथाक' म्हणत, म्हणजे विश्वस्त कारभार. समर्थक 'हुग्योन' म्हणत, म्हणजे मागे उभं राहून केलेली मदत. एकाच परिच्छेदाबद्दल दोन गट दोन वेगळ्या गोष्टी बोलत होते. त्यात १९०५ ची आठवण ताजी होती. जपाननं तेव्हा कोरियावर 'संरक्षण' लादलं होतं आणि पाच वर्षांत, १९१० ला, देश गिळला होता. ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं त्यांना 'फक्त पाच वर्षं' हे शब्द दिलासा देणारे वाटणं शक्य नव्हतं.

जपानी काळात चीनमध्ये स्थापलेल्या हद्दपार हंगामी सरकारचे नेते किम कू यांनी संप आणि मोर्चे काढले. विश्वस्त कारभाराबाबत सबुरीची भूमिका घेणारे सोंग जिन-उ यांचा ३० डिसेंबरच्या पहाटे खून झाला. दक्षिणेतले कम्युनिस्ट आधी विरोधात होते. जानेवारीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत त्यांनी एका रात्रीत कोलांटी मारली आणि मॉस्को निर्णयाला पूर्ण पाठिंबा दिला. उत्तरेतले सर्वांत वजनदार ख्रिस्ती राष्ट्रवादी नेते चो मान-सिक यांनी पाठिंबा द्यायला नकार दिला. त्यांना प्योंगयांगमधल्या एका हॉटेलात नजरकैदेत ठेवलं गेलं आणि ते पुन्हा राजकारणात दिसले नाहीत.

इथं लक्षात घ्यायची गोष्ट अशी की या आठवड्यात विश्वस्त कारभाराच्या प्रश्नावर कोरियन राजकारण डावं आणि उजवं असं तंतोतंत दुभंगलं. तोवर मधले बरेच लोक होते. जानेवारी १९४६ नंतर 'मॉस्को निर्णयाला पाठिंबा' म्हणजे डावे आणि 'विरोध' म्हणजे उजवे, असा सरळ शिक्का बसला. त्यामुळे 'निर्णयाला विरोध करणाऱ्यांशी सल्लामसलत नको' ही दिसायला निव्वळ कायदेशीर अट प्रत्यक्षात 'उजव्यांशी सल्लामसलत नको' अशी झाली.

चौथ्या परिच्छेदातली बैठक १६ जानेवारीला सोलमध्ये सुरू झाली आणि ५ फेब्रुवारीला संपली. तिच्याकडे कुणी फारसं बघत नाही, पण दुखणं तिथंच उघड झालं होतं. जड उद्योग, कोळसा, खतं आणि वीज उत्तरेत होती. यालू नदीवरच्या सुफुंग धरणाची वीज दक्षिणेला जात होती. तांदूळ दक्षिणेत पिकत होता. अमेरिकनांना रेषा पुसून रेल्वे, चलन, वाहतूक एकत्र चालवायची होती. सोव्हिएत प्रतिनिधींना आधी तांदूळ हवा होता, आणि व्यवहार दोन स्वतंत्र विभागांमधल्या मालाच्या अदलाबदलीसारखा हवा होता. हॉज यांच्याकडे तांदूळ नव्हता, आणि हे त्यांच्याच प्रशासनाचं कर्तृत्व. १९४५ च्या शरदात त्यांनी जपानी काळातली धान्यवसुली एकदम उठवून बाजार मोकळा सोडला. साठेबाजी झाली, भाव आभाळाला भिडले आणि शहरांत तांदूळ दिसेना. जानेवारीत पुन्हा सक्तीची वसुली आणावी लागली. पीक चांगलं आलेलं असताना असं झालं, यावर समोरच्यांचा विश्वास बसणं कठीणच होतं. बैठकीतून निघालं काय, तर टपालाची देवघेव आणि अशाच काही बारीकसारीक गोष्टी.

संयुक्त आयोगाचं पहिलं सत्र २० मार्च १९४६ ला सोलमधल्या दोक्सू राजवाड्याच्या दगडी इमारतीत भरलं. सोव्हिएत शिष्टमंडळाचे प्रमुख कर्नल जनरल टेरेंती श्टिकोव. ते रणांगणावरचे सेनानी नव्हते, पक्षाचे राजकीय अधिकारी होते, आणि उत्तर कोरियातल्या सगळ्या राजकीय हालचालींवर त्यांचा हात होता. अमेरिकेकडून मेजर जनरल आर्चिबाल्ड आर्नल्ड. उद्घाटनाच्या भाषणातच श्टिकोव यांनी सांगून टाकलं की कोरिया सोव्हिएत संघाचा मित्र असावा, पुढे कधी त्याच्यावर हल्ल्याचा तळ होऊ नये, अशी आपली अपेक्षा आहे. राजनयात इतकं सरळ कुणी बोलत नाही. या वाक्यानंतर तरी सल्लामसलतीचा वाद तांत्रिक आहे असं समजायला नको होतं.

श्टिकोव यांची मागणी : मॉस्को निर्णयाला जाहीर विरोध केलेले पक्ष आणि व्यक्ती बाहेर. आर्नल्ड यांचं म्हणणं : विश्वस्त कारभारावर मत मांडणं हा अभिव्यक्तीचा हक्क आहे, शिवाय तिसऱ्या परिच्छेदानुसार त्याची चर्चा सरकार बनल्यानंतरची, मग आजच चाळणी कशाला? दोन्ही युक्तिवाद मजकुराला धरून होते. हीच तर पंचाईत होती. निर्णय राबवायच्या यंत्रणेत निर्णयालाच विरोध करणाऱ्याला घ्यावं कसं, हाही मुद्दा बिनतोड, आणि जो प्रश्न पुढच्या पायरीवरचा आहे त्यावरून आधीच्या पायरीला माणूस गाळावा कसा, हाही बिनतोड.

१८ एप्रिलला तोडगा निघाला. तो आयोगाच्या पाचव्या निवेदनात आहे. सल्लामसलतीला यायचं त्या पक्षानं एका छापील घोषणापत्रावर सही करायची. घोषणापत्रात तीन वाक्यं होती. पहिल्यात, मॉस्को निर्णयाच्या पहिल्या परिच्छेदातल्या उद्दिष्टांना पाठिंबा. दुसऱ्यात, दुसऱ्या परिच्छेदाप्रमाणे हंगामी सरकार बनवण्याबाबत आयोग जे ठरवील ते मान्य. तिसऱ्यात, 'तिसऱ्या परिच्छेदात अपेक्षित असलेल्या उपाययोजनां'चे प्रस्ताव तयार करताना आयोगाला सहकार्य. 'विश्वस्त कारभार' हा शब्द अख्ख्या घोषणापत्रात कुठेही नाही! परिच्छेदाचा नुसता क्रमांक टाकून तो शब्द टाळला होता. मसुदा करणाऱ्याचं कसब म्हणून हे उत्तम आहे. पण अशा कौशल्याचा धोका हा की प्रत्येक सही करणारा रिकाम्या जागेत आपला अर्थ भरतो.

झालंही तसंच. उजवे पक्ष सही करायला बिचकत होते. त्यांना आणण्यासाठी हॉज यांनी २७ एप्रिलला निवेदन काढलं : सही केली म्हणजे विश्वस्त कारभाराला पाठिंबा दिला, असं होत नाही. पक्षांनी सह्या केल्या आणि बाहेर येऊन सांगितलं की आत जाऊन विरोधच करणार. श्टिकोव यांच्या दृष्टीनं मग सहीला काही किंमत उरली नाही. नेमलेल्या वाटेनं घोषणापत्र तयार झालं आणि नऊ दिवसांत त्याचा अर्थ एका बाजूनं बदलला, अशी त्यांची तक्रार. अमेरिकनांनी विषय बदलून ३८ अक्षांशाचा अडसर काढण्याची चर्चा सुचवली. सोव्हिएत बाजू म्हणाली ते आमच्या कामात बसत नाही. ८ मे १९४६ ला सत्र बेमुदत तहकूब झालं.

मधल्या वर्षात वाट बघत कुणी बसलं नाही. उत्तरेत फेब्रुवारीतच किम इल-सुंग यांच्या अध्यक्षतेखाली हंगामी जनसमिती बनली होती आणि मार्चमध्ये जमीन सुधारणेचा कायदा येऊन गेला होता. दक्षिणेत ३ जूनला उजव्यांचे नेते सिंगमन ऱ्ही यांनी जोंगअपच्या सभेत दक्षिणेपुरतं सरकार बनवण्याची भाषा उघड केली. अमेरिकन लष्करी सरकारनं दुसरीकडे यो उन-ह्योंग आणि किम क्यू-सिक यांना पुढे करून मध्यममार्गी आघाडी जमवायचा प्रयत्न केला, ९० जणांचं अंतरिम विधिमंडळही आणलं. त्यातले ४५ निवडलेले, ४५ नेमलेले. पण निवडून आले ते बहुतेक उजवेच. ऑक्टोबरमध्ये तेगूपासून उसळलेल्या दंगलींनी डाव्यांचं आणि पोलिसांचं वैर रक्तरंजित करून टाकलं होतं.

दुसऱ्या सत्राची वाट पत्रांनी मोकळी केली. नोव्हेंबर-डिसेंबर १९४६ मध्ये सोव्हिएत कमांडर चिस्त्याकोव आणि हॉज यांच्यात, आणि एप्रिल-मे १९४७ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल आणि सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोटोव यांच्यात पत्रव्यवहार झाला. अखेर हॉज यांनी २४ डिसेंबरच्या पत्रात सुचवलेल्या दुरुस्त्या मॉस्कोनं स्वीकारल्या. सही ही सद्हेतूची खूण समजायची. सही केल्यावर एखाद्यानं आयोगाच्या कामाविरुद्ध, मॉस्को निर्णयाविरुद्ध किंवा दोहोंपैकी एका सत्तेविरुद्ध 'सक्रिय विरोध' चिथावला तर त्याला काढता येईल. पण काढायचं ते आयोगाच्या दोन्ही बाजूंच्या संमतीनंच.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. पहिल्या सत्रात आत घ्यायला दोघांची संमती लागत होती, आता बाहेर काढायला लागणार होती. नकाराधिकार तोच. फक्त दाराच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसला.

सत्र २१ मे १९४७ ला सुरू झालं. अमेरिकेकडून आता मेजर जनरल अल्बर्ट ब्राऊन होते. पहिले पाच-सहा आठवडे खरोखर चांगले गेले. जूनमध्ये कार्यपद्धती ठरली, पक्षांकडून अर्ज मागवले, हंगामी सरकारची घटना कशी असावी आणि धोरण काय असावं याची लेखी प्रश्नावली वाटली. २५ जूनला सोलमध्ये पक्ष-संघटनांची एकत्र सभा झाली, आणि काही दिवसांत तशीच प्योंगयांगलाही.

अर्ज आले ४६३. त्यातले दक्षिणेतून ४२५ आणि उत्तरेतून ३८. या दोन आकड्यांत दोन राज्यपद्धती दिसतात. उत्तरेत सगळं आधीच मोजक्या छत्रांखाली आणलेलं होतं. दक्षिणेत कुणी पाटी रंगवून पक्ष काढावा अशी गत होती. अर्जात लिहिलेल्या सभासदांची बेरीज सुमारे सात कोटी भरली. सगळ्या कोरियाची लोकसंख्या तेव्हा तीन कोटींच्या आत होती. तान्ही बाळं धरून प्रत्येक माणूस दोन-दोन पक्षांत असल्याशिवाय हा आकडा जमत नाही. सभासदसंख्येवर वजन ठरेल असं वाटल्यामुळे सगळ्यांनीच हात सैल सोडला होता. यावर सोव्हिएत बाजूचं म्हणणं असं की बोगस आणि चिमुकल्या संघटना गाळा, मोठ्या संघटना घ्या. मागणी रास्त होती, आणि तिचा फायदा कुणाला होणार हेही स्पष्ट होतं.

पण खरी मेख विश्वस्त-विरोधी समितीची होती. दक्षिणेतल्या अनेक उजव्या पक्षांनी घोषणापत्रावर सही केली होती आणि ते त्याच वेळी किम कू आणि ऱ्ही यांच्या विश्वस्त-विरोधी समितीतही होते. २३ जूनला सोलमध्ये मोठी निदर्शनं झाली आणि सोव्हिएत शिष्टमंडळावर दगड आल्याची तक्रार झाली. श्टिकोव म्हणाले, सक्रिय विरोध यापेक्षा वेगळा असतो का? समिती सोडा, नाहीतर यादीतून बाहेर व्हा. ब्राऊन म्हणाले, समितीचं सभासद असणं म्हणजे सक्रिय विरोध नव्हे, आणि काढायला आमची संमती लागते. जुलैमध्ये गाडी पुन्हा त्याच रुळावर त्याच जागी थांबली. १९ जुलैला यो उन-ह्योंग यांचा सोलमध्ये भर दिवसा गोळ्या घालून खून झाला. दोन्ही बाजूंना चालू शकेल असा तो जवळपास एकटा माणूस होता. ऑगस्टमध्ये दक्षिणेतल्या पोलिसांनी डाव्यांची धरपकड केली. जे सल्लामसलतीला येणार त्यांनाच तुरुंगात घालता, हा सोव्हिएत आक्षेप त्यावर आला.

इथून पुढं दोघंही मुख्यतः आपल्यावर बोल येऊ नये याची तजवीज करत होते. २६ ऑगस्टला अमेरिकेनं चार सत्तांची बैठक ८ सप्टेंबरला वॉशिंग्टनमध्ये घ्यायचं सुचवलं. त्यात दोन्ही भागांत गुप्त मतदानानं निवडणुका आणि लोकसंख्येच्या प्रमाणात प्रतिनिधित्व असा आराखडा होता. दक्षिणेची लोकसंख्या उत्तरेच्या साधारण दुप्पट. म्हणजे मोजणी सुरू होण्याआधीच दोन-तृतीयांश जागा कुणाच्या ताब्यातल्या प्रदेशाच्या, हे दिसत होतं. ४ सप्टेंबरला मोलोटोव यांनी नकार दिला. १७ सप्टेंबरला मार्शल यांनी प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत नेला. २६ ला श्टिकोव यांनी डाव टाकला : १९४८ च्या सुरुवातीला दोन्ही फौजा काढून घेऊ, कोरियन लोक आपलं बघून घेतील. त्याच सुमारास अमेरिकन सेनादलप्रमुखांनी लेखी मत दिलं होतं की कोरियात ४५ हजारांची फौज ठेवण्यात लष्करीदृष्ट्या फारसा लाभ नाही. वॉशिंग्टनलाही निघायचंच होतं, पण पळून गेल्यासारखं दिसायचं नव्हतं. ऑक्टोबरात सोव्हिएत शिष्टमंडळ सोल सोडून गेलं.

ऑस्ट्रियाशी तुलना हमखास विचारली जाते, आणि ती कामाची आहे. तिथं तर चार सत्तांचा कबजा होता, वाटाघाटी अनेक वर्षं रखडल्या, तरी १५ मे १९५५ ला राज्य-करार झाला आणि देश एकसंध राहिला. भूगोल, नाटो, स्टालिनचा मृत्यू अशी कारणं आहेतच. पण कार्यपद्धतीतला फरक त्याहून आधीचा आहे. ऑस्ट्रियात समाजवादी नेते कार्ल रेनर यांचं सरकार एप्रिल १९४५ मध्येच व्हिएन्नात उभं राहिलं आणि वर्ष संपायच्या आत चारही सत्तांनी ते साऱ्या देशासाठी मान्य केलं. भांडायचं होतं ते आपसात, सरकारच्या अस्तित्वावर नाही. कोरियात सप्टेंबर १९४५ मध्ये असा कच्चा माल होता. यो यांच्या जन-प्रजासत्ताकात ऱ्हींचंही नाव अध्यक्ष म्हणून घातलं होतं, त्यांना न विचारता. ते टिकलं असतं असं म्हणवत नाही. पण एकीकडे ते नाकारलं आणि दुसरीकडे पोखरून वापरलं. त्यानंतर सरकार शून्यातून बनवायची जबाबदारी अशा आयोगावर टाकली, ज्यात दोघांनाही नाही म्हणायचा हक्क होता.

संयुक्त राष्ट्रांच्या टप्प्यात भारताचा थेट संबंध येतो. १४ नोव्हेंबर १९४७ चा ठराव ४३ विरुद्ध शून्य मतांनी झाला, सहा तटस्थ, सोव्हिएत गट मतदानात नाही. नऊ देशांचा तात्पुरता आयोग नेमला : ऑस्ट्रेलिया, कॅनडा, चीन, एल साल्वादोर, फ्रान्स, भारत, फिलिपिन्स, सीरिया आणि युक्रेन. युक्रेननं येण्यास नकार दिला. जानेवारी १९४८ मध्ये उरलेले आठ सोलला जमले, अध्यक्ष भारताचे के. पी. एस. मेनन. उत्तरेत प्रवेश मागितला, संयुक्त राष्ट्रांतले सोव्हिएत प्रतिनिधी ग्रोमिको यांनी दार बंद केलं. आता पेच असा : ठराव साऱ्या कोरियातल्या निवडणुकीचा आहे, ती होऊ शकत नाही. मग जेवढ्या भागात जाता येतं तेवढ्यात घ्यायची का?

आपली फाळणी होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. मेनन यांनी १९ फेब्रुवारीला न्यूयॉर्कजवळ लेक सक्सेसला, संयुक्त राष्ट्रांच्या तेव्हाच्या मुख्यालयात, आमसभेच्या अंतरिम समितीपुढे जे निवेदन केलं त्यात दुभंगाची भीती स्पष्ट आहे. तरी २६ फेब्रुवारीला समितीनं 'जिथं प्रवेश आहे तिथं' निवडणूक घ्यायला ३१ विरुद्ध २ मतांनी मान्यता दिली, ११ तटस्थ. विरोधात होते कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया. सोलमध्ये १२ मार्चला आयोगातलं मतदान याहून बोलकं आहे. बाजूनं चार : चीन, एल साल्वादोर, फिलिपिन्स, भारत. विरोधात ऑस्ट्रेलिया, कॅनडा. तटस्थ फ्रान्स, सीरिया. भारताचं मत फिरलं असतं तर बहुमत उरलं नसतं. कवयित्री मो युन-सुक यांच्याशी असलेल्या स्नेहाचा आपल्या निर्णयावर परिणाम झाला, असं मेनन यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे. तेवढ्यावर इतिहास ठरला असं मानायचं कारण नाही, पण चार-दोन-दोन असं मतदान असताना एका माणसाच्या कलाला किती वजन येतं हे दिसतं.

किम कू आणि किम क्यू-सिक एप्रिलमध्ये रेषा ओलांडून प्योंगयांगला जाऊन आले, पण तिथली परिषद आधीच लिहून ठेवलेली होती. १० मे १९४८ ला दक्षिणेत मतदान झालं. २०० जागा ठरल्या होत्या, जेजू बेटावर एप्रिलपासून उठाव पेटलेला असल्यामुळे तिथल्या दोन जागांची निवडणूक रद्द झाली, म्हणून निवडून आले १९८. १४ मे रोजी उत्तरेनं दक्षिणेची वीज तोडली. १५ ऑगस्टला सोलमध्ये कोरिया प्रजासत्ताक, ९ सप्टेंबरला प्योंगयांगमध्ये लोकशाही जन-प्रजासत्ताक.

१२ डिसेंबर १९४८ च्या आमसभेच्या ठरावाचा दाखला देताना एक चूक वारंवार होते, म्हणून शेवटी तेवढं. 'संयुक्त राष्ट्रांनी दक्षिणेच्या सरकारला साऱ्या कोरियाचं एकमेव कायदेशीर सरकार मानलं' असं लिहिलं जातं. ठरावात तसं नाही. आयोगाला जिथं निरीक्षण करता आलं त्या भागावर प्रत्यक्ष सत्ता असलेलं कायदेशीर सरकार स्थापन झालं आहे, आणि 'असं' सरकार कोरियात हे एकच आहे, अशी त्याची रचना आहे. हे 'असं' कशाला लागू होतं यावर सोलचे आणि इतरांचे वकील नंतर अनेक वर्षं भांडले. राष्ट्रीय सभेत उत्तरेसाठी १०० जागा मोकळ्या सोडल्या होत्या. आणि प्योंगयांगला पहिले सोव्हिएत राजदूत म्हणून जे गृहस्थ दाखल झाले, त्यांचं नाव टेरेंती श्टिकोव.